महादूच्या चिठ्ठ्या आणि माझा प्रकाश

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सायं. ६.३०

आजपासून रोजनिशी. ती केवळ स्वतःसाठी. प्रसिद्धीचा विचार मनात नाही. (पानाच्या एकाच बाजूस लिहावे. छपाईस सोपे जाते.)

तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे ‘संदेशवहन’ हा विषय शिकवून निवृत्त झालो, त्यास पाच महिने झाले. आज पहिले प्रत्यक्ष काम मिळाले. भिवंडीत कामतघरला हिरामणशेठ यांचा सायझिंगचा कारखाना आहे. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जाण्यापूर्वी सुताला तिथे गरम खळ चढवतात. खळीचे तापमान पंच्याऐंशीच्या आसपास राहिले नाही, तर सूत लूमवर पटापट तुटते. टाकीतल्या सेन्सरचा आकडा तारेने एकशेऐंशी मीटर दूर ऑफिसातल्या संगणकावर जातो. म्हणजे जायला हवा. वाटेत चाळीस लूम आहेत. त्यांच्या मोटारींच्या विद्युत गोंगाटाने तो कधी ८५ दिसतो, कधी ८५०, आणि एकदा उणे १२. म्हणून महादू नावाचे गृहस्थ गेली एकोणीस वर्षे दर पाव तासाला टाकीवरचा काटा पाहतात, आकडा चिठ्ठीवर लिहितात आणि ऑफिसात नेऊन देतात. रोज सुमारे बारा किलोमीटर!

चौदा तारखेला कापड घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस येणार. तापमानाची नियमित नोंद ऑफिसात दिसली नाही, तर वर्षभराची ऑर्डर दुसरीकडे जाईल. सर, इज्जत तुमच्या हातात हाय, असे हिरामणशेठ म्हणाले. मी उपाय सांगितला : दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर, मध्ये फायबर. तारेतला सिग्नल प्रकाश होऊन काचेच्या धाग्यातून जाईल आणि पलीकडे पुन्हा वीज होईल. बाजारात कितीही गलका झाला, तरी टॉर्चचा उजेड हलत नाही, तसेच हे.

घरी पत्नी सुमतीला बातमी सांगितली. रोज घरातून किती वाजता निघणार, असे तिने तीनदा विचारले. तिचा उत्साह हृद्य आहे.

बुधवार, ५ नोव्हें.

व्हिजिटिंग कार्डे छापून आली. दोनशे. ‘प्रकाशीय संदेशवहन सल्लागार.’ मागची बाजू कोरी ठेवली आहे, सभ्य दिसते.

चहाच्या सुट्टीत कामगारांसाठी छोटे प्रास्ताविक केले. ‘सीरियल’ म्हणजे काय : रांगेत एकामागून एक येणारी माहिती. श्रोते सात. दहाव्या मिनिटाला एकाचे सूत तुटले म्हणून तो लूमकडे पळाला. मग दुसऱ्याचे. मग उरलेल्या पाचांचे एकदम. बंद लूमवर सूत तुटते कसे, हा संशोधनाचा विषय आहे.

संकल्प : प्रास्ताविक वीस मिनिटांत संपवणे.

शुक्रवार, ७ नोव्हें.

फायबर टाकून झाले. दोन धागे : एक जाण्याचा, एक येण्याचा. सुरू केले. संगणकावर काहीही नाही. कन्व्हर्टर सदोष असावेत. बाजारात हल्ली गुणवत्ता राहिलेली नाही.

शनिवार, ८ नोव्हें. दु. १२.१५

ऑफिसात संगणक सांभाळणारी कमळ हुशार आहे, पण तिला सैद्धान्तिक बैठक नाही. सर, दोन्हीकडे बोलायच्या भोकातच धागा घातलाय, ऐकणार कोण, असे तिने विचारले आणि एका टोकाला दोन प्लगांची अदलाबदल केली. लगेच हिरवा दिवा लागला. ८५.२. मग ८५.६.

एकाचे ट्रान्समिट ते दुसऱ्याचे रिसीव्ह, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर काढत आलो आहे. कमळने ते नकळत आत्मसात केले, यात माझ्या सहवासाचा वाटा नाकारता येणार नाही. प्रत्यक्ष जोडणी आमच्याकडे प्रयोगशाळा सहायक करीत असे, हेही नोंदवले पाहिजे.

मंगळवार, ११ नोव्हें.

तीन दिवस अखंड, अचूक. महादूंच्या चिठ्ठीशी ताडून पाहिले : चिठ्ठीवर ८६, पडद्यावर ८५.९. फरक अर्थातच महादूंचा.

महादूंना बसवून पूर्ण आंतरिक परावर्तन समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग, सर, चिठ्ठीचा टाइम झाला, म्हणून उठले. गुडघे वाजले. मला भरून आले. हिरामणशेठना म्हणालो, या माणसाला सुट्टी द्या. अकलोलीच्या गरम कुंडात आठवडाभर गुडघे शेकू द्या. तपासणी होऊ दे, मंग बघू, असे शेठ म्हणाले. मी तिथेच लेखी हमीपत्र करून दिले : ‘दि. १३ ते १९ या काळात महादूंच्या अनुपस्थितीत सर्व नोंदींची जबाबदारी माझी.’ सही, तारीख. कार्ड जोडले आहे असे समजावे, असे सांगून कार्ड परत घेतले. कार्डे जपून वापरावीत.

महादू जाताना विचारत होते, सर, नक्की ना? ह्या दोऱ्याला चालता येतंय? मी हसलो.

शुक्रवार, १४ नोव्हें. स. १०.१०

तपासनीस अकराला येणार. नऊ वाजता पूजा झाली. हिरामणशेठच्या मातोश्री ठमाबाई स्वतः टाकीजवळच्या कन्व्हर्टरला हळदकुंकू लावायला आल्या होत्या. वय ऐंशी, जिज्ञासा अठराची. उजेड कुठून येतंय, असे त्यांनी विचारले. मी प्लग काढून धाग्याचे टोक त्यांच्या हाती दिले. डोळ्याजवळ न्यायचे नाही, हे बजावले, आणि हा प्रकाश माणसाला दिसतच नाही, हेही सांगितले. दिसत न्हाय त्यो उजेड कसला, म्हणाल्या. मी म्हणालो, आजी, आपल्याला तो दिसत नाही, पण ऑफिसला इथले सगळे यातूनच दिसते. हा कारखान्याचा डोळा आहे. असा सुंदर डोळा साऱ्या भिवंडीत नाही. एवढी तारीफ करू नये, नजर लागतंय, असे त्या पुटपुटल्या. प्रकाशाला नजर लागण्याची कोणतीही यंत्रणा विज्ञानाला ज्ञात नाही, हे मी स्पष्ट केले.

मग जमलेल्या मंडळींकडे वळून स्वच्छतेचे महत्त्व सांगितले : आतला काचेचा गाभा केसाहून बारीक, कापसाचा एक कण टोकावर बसला, तरी संदेश अडतो. अकरा मिनिटे. (संकल्पाच्या आत!) ठमाबाईंकडून टोक परत घेतले, जागेवर घातले. नारळ फुटला.

स. ११.२०

तपासनीस आले. पडद्यावर ८६.४. मितभाषी गृहस्थ, त्यामुळे मला बोलता आले.

आज हिरवा दिवा लागलेला नाही. कमळने लक्ष वेधले. सर्व सुरळीत असले की दिवा विश्रांती घेत असावा, असे मी तिला सांगितले.

स. ११.४०

अजून ८६.४. सर, हा आकडा वीस मिनिटं हललाच नाही, असे कमळ हळूच म्हणाली. मी मुद्दाम मोठ्याने उत्तर दिले, तपासनिसांना ऐकू जावे म्हणून : हेच तर फायबरचे वैशिष्ट्य! गोंगाट नाही, थरथर नाही. इतके स्थिर तापमान मी उभ्या आयुष्यात पाहिले नाही.

तपासनीस म्हणाले, मीही नाही. आणि टाकीकडे चालू लागले.

स. ११.५५

टाकीवरचा काटा : ७९.

दु. १२.०५

तपासनिसांनी सांगितले, त्यांना पडद्याशी देणेघेणे नाही. बारा ते पाच, दर पाव तासाला टाकीचा खरा आकडा ऑफिसच्या टेबलावर हवा, लेखी. एकही चुकला तर शेरा ‘नापास’. हिरामणशेठनी महादूला हाक मारली. मग त्यांना आठवले. मग त्यांनी खिशातून माझे हमीपत्र काढले आणि माझ्यापुढे धरले.

पहिला आकडा दिला. कागद सापडेना. कार्डाची मागची बाजू कोरी होतीच.

दु. १.४५

८४. आठवे कार्ड. चप्पल चावते.

दु. ३.००

८५. लूमवरची मंडळी दोन्ही बाजूंनी पाहतात. एकाने विचारले, मास्टरजी, सिग्नल पैदल जा रहा है क्या? उत्तर देण्यास थांबलो असतो तर सव्वा तीन चुकले असते. आयुष्यात प्रथमच प्रश्न अनुत्तरित सोडला.

सायं. ५.३०

एकवीस आकडे, एकवीस कार्डे, एकही चूक नाही. ३६० मीटरच्या एकवीस फेऱ्या, म्हणजे साडेसात किलोमीटर. रांगेत एकामागून एक पोहोचलेली माहिती. गोंगाटाचा परिणाम शून्य. सीरियल संदेशवहनाचे याहून शुद्ध प्रात्यक्षिक मी वर्गातही दिले नव्हते.

ऑर्डर वाचली. शेरा : ‘चिठ्ठीची पद्धत समाधानकारक. तीच चालू ठेवावी.’ फायबरचा उल्लेख नाही. जागा कमी पडली असावी. हिरामणशेठनी माझे दोन्ही हात धरले. पाय धरले असते तर बरे झाले असते.

शनिवार, १५ नोव्हें. सायं. ६.००

कमळने टाकीजवळचा प्लग काढला. काचेच्या टोकावर काजळ. अगदी मधोमध, गोल, रेखीव. म्हणजे काल नऊपासून पडद्यावर शेवटचा पोहोचलेला आकडाच उभा होता.

ठमाबाईंनी काही लपवले नाही. तुमीच बोललाव ना सर, हा डोला हाय, असा सुंदर डोला साऱ्या भिवंडीत न्हाय? मंग नवीन पोराला लावताव तशी तीट लावली. तुमची पाठ होती तवा. तुमचीच नजर लागली असती.

कमळने स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसले. दोन मिनिटांत हिरवा दिवा. ८५.१, ८५.३, ८४.९. आकडा सुंदर हलत होता.

मात्र शेरा शेरा आहे. चिठ्ठी चालू ठेवावी लागणार, आणि हमीपत्र एकोणीसपर्यंत. आज पूर्ण शिफ्ट : तेहतीस कार्डे. माझे पाय सुमतीने पाहिले. उद्या कारखाना बंद. अकलोलीला जाऊ या, असे तीच म्हणाली.

रविवार, १६ नोव्हें. अकलोली. स. ९.३०

कुंडात महादू भेटले. गळ्यापर्यंत पाण्यात, चेहऱ्यावर तेज. पाण्यातून हवेत जाणारा किरण कसा वाकतो, हे दाखवण्यास याहून योग्य जागा नाही, म्हणून सुरुवात केली. ते दुसऱ्या कुंडात गेले. मीही गेलो. ते तिसऱ्याकडे निघाले, पण माझे उठताना गुडघे वाजले आणि ते थांबले.

किती फेऱ्या मारल्या, असे त्यांनी विचारले. सांगितले. मग म्हणाले, सर, ऐका. मधून नका जाव, वाफेची नली हाय. भितीच्या बाजूनं चाला, सावली हाय. जाताना भरभर, येताना आरामात. येताना हातात काय नसतंय. चिठ्ठी उजव्या हातात धरा, म्हंजी कमलला घेवाला सोपी. आन वाटंत कुनाशी बोलाचा न्हाय.

सुमारे चाळीस मिनिटे ते बोलले. मी मध्ये एकदाही बोललो नाही. पलीकडे सुमती थर्मास घेऊन बसली होती. हे पाहून तिने शेजारणीला बोलावून दाखवले.

संकल्प : सोमवार ते बुधवार, भिंतीच्या बाजूने.

कार्डे शिल्लक एकशे सेहेचाळीस. बुधवारपर्यंत नव्व्याण्णव लागतील. उरलेली सत्तेचाळीस ओळखीसाठी.