दोन नंबरच्या शेडमधली पाळी

५ जानेवारी १९८७, सोमवार
रसायनीच्या कारखान्यात आज रुजू झाले! बाबा ठाकुरवाडीला रेल्वेत गँगमन आहेत. ड्युटी बदलून गेटपर्यंत सोडायला आले आणि वॉचमनला उगाचच सांगून गेले, "आमची विशाखा बीएस्सी हाय." माझ्या टेबलावर टर्मिनल आहे: पडदा, कळा आणि शेजारी टेलिफोन. नंबर फिरवायचा, शिट्टी आली की रिसीव्हर टर्मिनलला जोडलेल्या डबीच्या रबरी खाचांत ठेवायचा. मग मुंबईच्या कचेरीतला कॉम्प्युटर इथून चालतो! रोज दोन तास आज्ञांचा सराव. सहा महिन्यांत जमलं तर कायम. पुढे वस्तीतल्या मुलींनाही शिकवीन.

७ जानेवारी
एक आज्ञा दिली की मुंबईच्या कॉम्प्युटरवर आत्ता कोण काम करतंय ते दिसतं: नाव, जागा, केव्हापासून. आज मी, मुंबईचे तिघे, आणि 'चंद्रभागा, शेड दोन, १४ मार्च १९८६ पासून'. ती शेड आमच्याच आवारात, कुलूपबंद.
दामू ऑपरेटरना विचारलं. म्हणाले, गेल्या मार्चमध्ये वायू सुटला तेव्हा चंद्रभागा आत होती. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा इथला नियम. बदली आलाच नाही, तीही उठली नाही. नंतर शेडमधली टेलिफोनची तार उपटली, पण यादीतलं नाव जाईना. दामू रोज सकाळी तिला निरोप पाठवतात: पाळी संपली नाही, बसून राहा.
मी हसले. त्यांना आवडलं नाही. "शिकलेल्या बायांना सगळंच खोटं वाटतं," म्हणाले.

१२ जानेवारी
दुसऱ्याचं अडकलेलं काम बंद करायची आज्ञा शिकले. दामू चहाला गेले होते. मेलेल्या बाईला रोज बसून राहा म्हणायचं, हे मला पाहवेना. चंद्रभागेचं काम बंद केलं. नाव गेलं. बरं वाटलं.
दामूंनी यादी पाहिली आणि माझ्याकडे. म्हणाले, "पाळी सोडवलीस तू तिची. मंग आता बदली कोण?"

१४ जानेवारी
यादीत मी दोनदा. एकदा माझ्या टेबलावर, एकदा शेड दोनमध्ये.
बंद केलं. पुन्हा आलं. पडद्यावर निरोप: जागेवर ये.
दिवसभर घसा जळतोय. बाकी कुणालाच वास येत नाही.

१५ जानेवारी
कारखान्याच्या साहेबांना सांगितलं. मान वर न करता म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. माझं हजेरी कार्ड शेड दोनच्या खणात गेलंय. खुर्चीही उचलली. कुणी बोलत नाही. डबा उघडला तर सगळे उठून गेले.
बाबांना सांगू? नोकरी सुटली तर ते —

१६ जानेवारी, दुपार
साहेब म्हणाले, शेडमध्ये तार खरंच नाही, स्वतः पाहून घे. मला तेच हवं होतं. दामूंनी कुलूप काढलं. मी आत पाऊल टाकलं आणि बाहेरून कडी —
तार नाही. पडदा चालू आहे.
ओरडले. दामू बाहेरच होते. "बदली येईतो हलायचं नाय गं बाय. सोमवारी नवी पोरगी येतेय."
यादी: 'विशाखा, शेड दोन, १४ मार्च १९८६ पासून.' आणि माझ्या टेबलावर चंद्रभागा.
डोळे झोंबतात. खिडकी नाही —

नव्या मुलीसाठी पडद्यावर निरोप ठेवते. लिहिलं: माझं नाव दिसलं तर हात लावू नकोस, इथून पळ.
खोकला थांबत नाही. श्वास —
पुसलं ते.
आता लिहितेय: ताई, माझं काम बंद कर. सोपं आहे. आल्या आल्या पहिलं हेच कर, कुणाला विचारू नको, मी इथे —