वरून सांगाले कोणी पाहिजे

करडी, ता. मोहाडी
२६ सप्टेंबर २००४

चि. धर्मेंद्र यास,
तुळसाताईचा जयभीम व आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. तू खुशाल आहे का नाही याचा मात्र साऱ्या गावाले घोर लागून राहिला आहे, अन् तो तूच लावला.

मधुकरराव म्हणजे आपल्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष, साठ वर्षांचा माणूस. दोन बसा बदलून तुह्या दारी गोंदियाले आले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटक होते, त्याले नवा पडदा रंगवून दे, एवढंच मागाले. तू त्याहिले चहा पाजला, चिवडा चारला अन् सांगतलं का माही प्रेरणा गेली. अरे, घरची बकरी गेली तर माणूस काठी घेऊन शोधाले निघते. तू चहा पेत बसला? मधुकररावनं गावात येऊन जसंच्या तसं सांगतलं. आता शेजारची शकुनबाई रोज सकाळी विचारते, भावाचं कसं आहे, अन्न जाते का पोटात. काल तर जडीबुटीची पुडी घेऊन आली. मी ठेवून घेतली. पोस्टानं पाठवू का?

नीट आयक. बाबानं रंगवलेला जंगलाचा पडदा गेला. मंडळाची खोली पावसाळ्यात गळली, अर्धा पडदा भिजला अन् उरला तो उंदरांनं खाल्ला. एकतीस वर्षं त्या पडद्यापुढं किती राजे वनवासाले गेले, किती हिरोइनी रडल्या. जंगल जुनं झालं असं कोणी म्हटलं नाही. आता मंडळातले पोट्टे म्हणतात, नागपूरहून फलेक्स छापून आणू, एका दिवसाचं काम. नमुना मले दाखवला. बर्फाचा डोंगर, लाल घर, अन् गाई अशा धुतलेल्या का वरातीले निघाल्या. करडीच्या मंडईत बर्फ!

मी सभेत उभी राहिली अन् सांगून टाकलं का आनंदराव पेंटरचा पोरगा जिता आहे, पडदा तोच रंगवन. मधुकरराव म्हणाले, ३१ ऑक्टोबरच्या रविवारी शेवटची सभा, तोवर भावाचा होकार आण, नाही तर फलेक्स. मंडई २० नोव्हेंबरले आहे.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तवापासून तू परजिल्ह्याचा झाला, मान्य. पण बहिणीकडं याले अजून परवाना लागत नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू हो ताई, हो ताई म्हणून ठेवून देते. कागदावर लिही.

माह्या भावजयीले, भावनाले जयभीम सांग. माहा लोभ कुठं जात नाही, तुही प्रेरणा थोडीच आहे तो.

तुही ताई,
तुळसा


गोंदिया
२ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,
धर्मेंद्रचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझे पत्र पोचले. पुडी पाठवू नकोस. भावनाने पत्र मोठ्याने वाचून दाखवले आणि हसू आवरेना म्हणून बकरीपाशी दोनदा थांबली. त्या दिवसापासून ती रोज विचारते की सापडली का.

मधुकररावांना मी खरे तेच सांगितले. दोन वर्षांपूर्वी नागपूरला माझ्या चित्रांचे प्रदर्शन लागले होते, तुला आठवत असेल. तिथे एक म्हातारे चित्रकार आले. प्रत्येक चित्रापुढे थांबले. मग त्यांनी विचारले की या जागा कुठल्या. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, सगळ्या माझ्या कल्पनेतल्या. ते म्हणाले, तेच दिसते, या चित्रांत कोणी कधी उभे राहिलेले नाही. आवाज चढवून बोलले असते तर मी भांडलो असतो. ते अगदी हळू बोलले.

तेव्हापासून शाळेच्या फळ्यावर आंबा आणि पेरू काढतो, दुसरे काही नाही. तीन रविवार नवेगावच्या तलावावर बोर्ड घेऊन जाऊन बसलो. हातच उठत नाही. कागद कोरा परत आला. एका रविवारी तर त्यात भजी बांधून आणली. दिवाळीच्या सुट्टीत कपाट रिकामे करून रंगांची पेटी शाळेतल्या मुलांना देऊन टाकावी असे ठरवतो आहे.

बाबांच्या मनात आले की ते जंगल उभे करायचे. ते देणे मला मिळाले नाही, ताई. मंडळाला बर्फ आणू दे. पुढे नट ओरडत असला की मागचा पडदा कोण पाहते?

रागावशील हे माहीत आहे. रागावून झाले की पूर्वीसारखीच माया कर.

तुझा,
धर्मेंद्र


करडी
८ ऑक्टोबर २००४

चि. धर्मेंद्र यास,
जयभीम व आशीर्वाद. मागचा पडदा कोण पाहते, हे वाचताना माही भाकर तव्यावर करपली. तुह्या भाऊजीनं तशीच खाल्ली. मास्तर झाला अन् अक्कल फळ्यावर पुसून आला काय?

बाबाच्या मनात आलं का ते जंगल उभं करत, हे तुले कोणी सांगतलं? तू तवा सहा वर्षांचा, चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. मी सांगतो काय झालं ते. आजवर कोणाले सांगतलं नाही, कारण पेंटरची इज्जत असते.

मी चौथीत होती. बाबानं शाळेतून काढलं, रंग घोटाले माणूस पाहिजे म्हणून. पडदा वीस हात लांब, एवढी भिंत कोणाच्या घरी असते? शाळेच्या पटांगणात कापड जमिनीवर पसरत अन् बाबा अनवाणी त्याच्यावरच चालत रंगवत. पायाखालचं चित्र पुरं कसं दिसन? म्हणून मले पटांगणाच्या कडेच्या मोहाच्या झाडावर चढवत. मी वरून ओरडत होती. बाबा, नदी तिरपी पळाली. बाबा, हरणाले म्हशीचा पाय लागला. ते पुसत, परत काढत. मायचं त्याहिनं कधी आयकलं नाही, पण झाडावरच्या पोरीचं आयकत.

जंगलाच्या पडद्याच्या वेळेस बाबा अडले. तीन दिवस कापड कोरं. बिड्या पेत कापडाभवती फिरत. तुह्यासारखीच हालत, फक्त त्याहिले प्रेरणा हा शब्द येत नव्हता. चौथ्या दिवशी खालून विचारलं, तुळसे, तिथून काय दिसते? मी सांगतलं. तलावाची पाळ दिसते. पाळीवरचं अर्जुनाचं झाड वाकलं आहे. शिंदीची तीन झाडं आहेत, मधली शिंदी बुटकी. मागं टेकड्या आहेत, निळ्या नाही, वांग्याच्या रंगाच्या. मी सांगत गेली अन् ते काढत गेले. सांज होईस्तोवर पडदा भरला.

आता समजलं? ते जंगल आपल्या करडीचा तलाव होता. एकतीस वर्षं लोकांनं त्याले दूरदेशीचं जंगल समजलं, कारण झाडाच्या शेंड्यावरून तलाव कोणी पाह्यलाच नव्हता.

तो नागपूरचा म्हातारा शहाणा आहे. तू त्या झाडाले असा भेत होता का खाली पडलेला मोह वेचाले भी जात नव्हता. अन् नागपूरच्या चित्रात काय काढलं तर समुद्र अन् नारळ! समुद्र तू कुठं पाह्यला? लग्नानंतर भावनाले रामटेकले नेलं होतं.

पेटी पोरांना देशीन तर याद राख. मले होकार पाहिजे, लोभाचं मंग पाहू.

तुही ताई,
तुळसा


गोंदिया
१६ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र चार वेळा वाचले. बाबांचा पडदा मी लहानपणी शंभरदा पाहिला असेन, आणि मला तलाव दिसला नाही. ड्रॉइंग मास्तर म्हणवतो स्वतःला.

काल सहामाहीच्या चित्रकलेच्या पेपरांचा गठ्ठा समोर होता. एका कोऱ्या पुरवणीवर, तू लिहिलेस तसे काढून पाहिले. सोबत पाठवतो. चांगले नाही. अर्जुन नक्की कोणत्या बाजूला वाकला आहे? टेकड्या दुपारीही वांग्याच्या रंगाच्या असतात की फक्त सकाळी? शिंदींच्या खाली पाणी दिसते का गवत? हे लिहायला विसरली होतीस.

पण पडद्याचे मला जमणार नाही. खरे सांगतो, पेपर तपासणे हे निमित्त आहे. बाबांच्या पडद्याच्या जागी माझा फसलेला पडदा लागेल आणि सारा गाव रात्रभर त्याच्याकडे तोंड करून बसेल. माझ्या हातून ते होणार नाही. तू सभेत शब्द देऊन बसलीस आणि मी तो मोडतो आहे, याची मला लाज वाटते. तरी मला टाकू नकोस.

तुझा,
धर्मेंद्र

ता. क. भावना विचारते की पुडी नक्की कशाची होती.


करडी
२५ ऑक्टोबर २००४

चि. धर्मेंद्र यास,
जयभीम व आशीर्वाद. पुडी हिरड्याची होती, पोट साफ होते. भावनाले सांग, नवऱ्याले चारून दे.

तुहं चित्र पाह्यलं. अर्जुन पाण्याकडं वाकला आहे, तू रस्त्याकडं वाकवला, जसा बसची वाट पाहून राहिला. टेकड्या दुपारी धुळकट दिसतात, वांग्याचा रंग सकाळचा. शिंदीखाली गवत आहे, पाणी नाही. पण मधली शिंदी बरोबर बुटकी आली. तिच्याकडं मी लगित वेळ पाहत बसली, चुलीवरचा सरस उतू गेला तरी समजलं नाही. मंग शकुनबाईले काही न सांगता दाखवलं. ती म्हणली, हा तर आपला तलाव, पण एवढ्या उंचावर बसून काढला कोणं? समुद्राच्या चित्राले असं कोणी विचारलं होतं का?

सरस कायचा, ते आता सांगतो. मंडळाकडून मांजरपाट घेतला, पट्ट्या जोडून शिवला. हाडाचा चिकट सरस शिजवून कापडाले लावला, सारी गल्ली नाक धरून बसली. खडीचा पांढरा हात दिला अन् पटांगणात पसरवला. हलका धान अजून पंधरा दिवस कापणीले येत नाही, तेवढा वेळ मले आहे. कोळशानं पाळीची रेघ मीच ओढली. चुकली तर चुकली, कोळसा पुसता येते.

मंग शिडी लावून मोहावर चढली. शकुनबाई खाली शिडी धरून मले शिव्या देत होती. वरून पाह्यलं तर माही पाळ म्हणजे उंदीर गिळलेला साप! उतरली, पुसली, परत ओढली, परत चढली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळेस गुडघ्यानं नाही म्हटलं. वर बसली तर खाली पुसाले कोणी नाही, खाली बसली तर वरून सांगाले कोणी नाही.

मधुकरराव काल पाहाले आले. कापडाच्या कडेले आले अन् चपला काढून उभे राहिले. कोरंच आहे अजून, तरी काढल्या. म्हणाले, रेघ चांगली आहे, पण पुरं कोण करन? मी म्हटलं, एक माणूस खाली पाहिजे, एक झाडावर. मंग म्हणाले, रविवारी सभेत दोन नावं सांगजो, एक खालचं, एक वरचं. दोन्ही असले तर फलेक्स नाही. खालचं मी तिथंच सांगतलं, तुळसाबाई. म्हणाले, तू? मी म्हटलं, एकतीस वर्षं तुम्ही माह्या डोळ्याचा पडदा पाह्यला, आता हाताचा पाहा. ते चपला घालाचं विसरून घरी गेले.

तर तुले रंगवाले बोलावत नाही मी. गाव हसन तर माह्यावर हसन, तुहं काही जात नाही. तुले चढाले बोलावतो. पाच तारखेले शाळेले सुट्ट्या लागतात, त्याच दिवशीची बस पकड. झाड तेच आहे, खालची फांदी बसाले रुंद आहे. भ्याचं असन तर भे, पण वर बसून भे. तुले तिथून जे दिसन ते मले ओरडून सांग, वांग्याचा रंग कुठं पाहिजे अन् कुठं नाही. सांगता सांगता हात खाजवाले लागला तर उतर, दुसरा ब्रश ठेवला आहे. पेटी घेऊन ये, माह्याजवळ हिरवा कमी आहे.

सभा रविवारी आहे. गुरुवारी पत्र टाकशीन तर शनिवारी भेटते. पोस्टमन अकरा वाजता शाळेवरून जाते, मी कापडावरच राहीन. लोभ-बिभ पुढच्या वेळेस लिही. या वेळेस फक्त चढतो का नाही ते लिही, अन् शनिवार तीस तारखेच्या अकरापर्यंत माह्या हातात पडू दे.

तुही ताई,
तुळसा