मागून येणारा उजेड

प्रिय आई,

सविनय जयभीम.

काल रात्री क्योटोत दिव्यांनी उजळलेली चेरीची फुले पाहिली. यामागची युक्ती फार सुंदर आहे! दिवे बुंध्याशी ठेवून उजेड वर टाकतात, म्हणून पाकळी न् पाकळी दिसते. तेच दिवे झाडामागे ठेवले, तर नुसती काळी आकृती उरेल.

आई, हल्ली व्हिडिओ कॉलवर तू खिडकीकडे पाठ करून बसतेस. विचारले, तर म्हणतेस, "अगं, इथं वारा छान लागतो." नाशिकच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी? धाकटी साक्षीसुद्धा लगेच विषय बदलते.

मी निघताना तुझ्या गालावर आलेली गाठ वाढली आहे का? डॉक्टर काय म्हणाले?

मी घाबरणार नाही. रविवारी तेवढे खिडकीकडे तोंड करून बस.

तुझा चेहरा पाहायला आतुर,
चैताली