कोणत्या कंपनीशी एकनिष्ठ राहायचं

तोंडवली, ता. मालवण
१६ नोव्हेंबर २०२५

चि. गौरजा हिला बाबांचे आशीर्वाद. विनीतरावांना आणि निहारला आठवण सांगणे. इकडे सगळं ठीक. भातकापणी उरकली, काजूला पालवी चांगली आहे, आईची तब्येत बरी आहे.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस म्हणून लिहितो आहे. मंगेश त्याच्या दुकानातून फोटो काढून पाठवील.

तू कामाला लावलंस तसा मी लागलो. "बाबा, तुम्ही दोघं दरवर्षी येणार, तर एकाच विमान कंपनीचं सदस्यत्व घ्या, गुण साठतील, पुढे तिकीट स्वस्त पडेल. तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच निवडा." वाचलं. राज्यघटना मला इतकी जड गेली नव्हती. आखातातली कंपनी म्हणते, गुण अंतरावर मिळतील. युरोपातली म्हणते, मोजलेल्या पैशांवर मिळतील. आपली देशी म्हणते, मिळतील, पण सुट्टीच्या दिवसांत वापरता येणार नाहीत. आणि तुम्हाला सुट्टी तर तेव्हाच. सदस्याचा दर्जा आधी चांदी, मग सोनं, मग त्याहून वरचं काही. विमानतळ आहे की सराफकट्टा? वर ठरावीक मुदतीत उडलो नाही, तर साठवलेलं सगळं जप्त. याला ते निष्ठा म्हणतात. पक्ष बदलणाऱ्यांवर उभ्या जिल्ह्यात मी भाषणं ठोकली, कणकवलीच्या सभेत माझ्यावर खुर्ची आली तरी शब्द मागे घेतला नाही, आणि आता म्हातारपणी मी कोणाशी एकनिष्ठ राहायचं, तर ज्यांच्या विमानात पाण्याची बाटली मागितली की पोरगी कपाळाला आठी घालते त्यांच्याशी.

मंगेशला विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, खंयचीय एक धरा आणि सोडू नका. नवरो-बायलेसारखा आसा ता." मी म्हटलं, नवऱ्याला तरी मुदत नसते. तो म्हणाला, "तुमका कोनी सांगल्यान?"

एवढ्यावर भागलं असतं. पण परवा सकाळी तुझी आई नवी साडी नेसून निघाली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणते, "देवळात. कौल लावूक. तुमी म्हयनोभर कागद चाळतास, देव घडीभरात सांगता."

तुला माझी मतं ठाऊक आहेत. दगडाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. ओल्या पाकळीचं वजन आणि वारा यापलीकडे त्यात काही नाही, हे मी त्याच देवळाच्या पायरीवर उभा राहून बोललो आहे. तरी मागोमाग गेलो, का तर आई एकटी चालत जाऊ नये.

बाबली गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान इमानाचो प्रश्न आणल्यान हा. उजव्या बाजूक आखाताची कंपनी, डाव्या बाजूक युरोपाची. जी बरी आसात तिचो कौल दी रे म्हाराजा." देवळात पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी गंभीरपणे म्हटलं, "व्हय म्हाराजा." मी खांबाला टेकून कपाळावर हात मारला.

पाकळ्या हलेनात. बाबलीने पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. मला वाटलं, देवालाही ती माहितीपुस्तिका कळली नाही.

मग बाबली नेहमीचं बोलला, कौल अडला की गुरव बोलतात तेच. "वैनी, मनात दुसरा काय आसा तर ता बोला."

आईने पदर डोक्यावर ओढून घेतला. आता जे लिहितो ते तुला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. शपथांवर माझा विश्वास नाही.

गेल्या खेपेला तुमच्याकडून परत येताना मधल्या विमानतळावर तिचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. त्या लांबलचक दालनातून ती नुसत्या मोज्यांवर चालत आली. कुडाळच्या डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं, एवढे तास बसून प्रवास पुन्हा नको, पायात रक्ताची गाठ होते. हे तुला कळू नये म्हणून ती व्हिडिओ फोनवर बसूनच बोलते, आणि पाय टेबलाखाली असतात. म्हणून म्हटलं, तब्येत बरी आहे. तिने सांगायला लावलेलं वाक्य आहे ते.

आणि माझंही ऐक. तुमच्याकडे घर ऊबदार, माणसं सभ्य, काही म्हणजे काही कमी नाही. पण तिथे महिनोन्‌महिने मी कोणाशी भांडलो नाही. निहारशी बोलावं तर तो ऐकतो आणि हसतो, त्याला माझी भाषा कळत नाही. त्याने आजोळ पाहिलंय ते तुझ्या फोनच्या काचेत. तुला रजा नाही, त्याला डास चावतील, इथे उकडतं. सगळं मान्य. पण तू आम्हाला कार्ड निवडायला सांगितलंस, त्यात येण्याचं काम कायमचं आमच्याकडे दिलंस, हे तुझ्या लक्षात तरी आलं का?

तर मी निवड केली आहे. जी कंपनी गोव्यात मोप्याच्या विमानतळापर्यंत एकाच तिकिटावर आणते ती. मधे उतरून निहारला झोपायला जागा आहे, तेही बघितलं. सदस्यत्व तुम्हा तिघांच्या नावावर घे. गुण कुटुंबाच्या एकाच खात्यात साठवता येतात, ते साठव. आम्ही सदस्य होणार नाही.

देवळातलं राहिलं. आई शेवटी बोलली, "माझा चेडू, गौरजा, हंय येतला काय, ता सांग. माझ्यान आता जावक होवचा नाय." बाबलीने डोळे मिटून ते देवापुढे ठेवलं. माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा." त्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आई वळून बघतच राहिली.

मग पाकळी पडली. कुठल्या बाजूला, ते लिहीत नाही. मी ते मानत नाही. तू ये, आणि आईलाच विचार.

तुझ्या वाटेकडे बघणारा, आणि ते आजवर कुठल्याच सभेत न बोललेला,
बाबा