शाफ्ट मी नेलाय

अप्पा,

शेडमध्ये गाडीचा प्रोपेलर शाफ्ट दिसला नाही म्हणून आईवर ओरडू नका. नव्या गिअरबॉक्सच्या मापाने कापून घ्यायला मी नेलाय. आज गुरुवार, भोसरीतली लेथची वर्कशॉप्स बंद, हे तुम्ही गाडीच्या नादात विसरलात. म्हणून तळेगावला चाललेय.

शाफ्टवरची तुमची खडूची खूण पुसलीय. गाडी जॅकवर, मागची चाकं लोंबतायत, आणि तुम्ही तसंच माप घेतलंत. चाकं जमिनीला टेकली की गिअरबॉक्स ते मागचा अ‍ॅक्सल हे अंतर कमी होतं. तुमच्या मापाने कापला असता, तर पहिल्याच स्पीडब्रेकरला शाफ्ट नव्या गिअरबॉक्सवर आदळला असता. मी गाडी खाली उतरवून माप घेतलंय.

मालोजीकाका रविवारी गाडीला गिऱ्हाईक आणणार, ते मी ऐकलं. "जमलं नाही तर नेऊ दे," हे तुमचं उत्तरही ऐकलं. काकांना जुनी स्पोर्ट्स कार आवडते ती फक्त बंद पडलेली. चालत्या गाडीचा भाव त्यांना सोसत नाही. फोन करून नाही म्हणून टाका. तुम्हाला भीड पडत असेल, तर मी सांगते.

जुन्या गाडीत नवा गिअरबॉक्स कसा बसवायचा, हे तुम्ही चहावाल्यापासून अख्ख्या चाकणला विचारून आलात. कारखान्यात गिअरबॉक्सच्याच लाइनवर नोकरी करणाऱ्या मुलीला तेवढं विचारायचं राहिलं. असू दे.

शाफ्ट चढवायला गाडीखाली दोघं लागतात. संध्याकाळी दुसऱ्या कुणाला बोलावू नका.

अपेक्षा