फोर्कलिफ्टची तपासणी, दहा फुटांवरून

३ डिसेंबर
आजपासून कापसाच्या जिनिंग मिलमधल्या फोर्कलिफ्टची सेफ्टी तपासणी माझ्याकडे. मालक आबाशेठनी वजनकाट्याच्या कामावरून उचलून नेमलं. आधीचा माणूस पाय मोडून चाळीसगावात घरी बसलाय, पण त्याचा इथे संबंध नाही. मी भीत नाही. रोज सकाळी ब्रेक, साखळी, तेल, टायर, सगळं हात लावून बघायचं. ठरलं.

४ डिसेंबर
हॉर्न बघितला. दणदणीत. दचकलो नाही, पाय घसरला.
साखळी बघायला वाकावं लागतं. कंबर धरलीय. मोबाईलवर झूम करून फोटो काढला. जग कुठे चाललंय!

५ डिसेंबर
बायको शिल्पा म्हणते, झोपेत ‘मागे घे, मागे घे’ ओरडत होतो. असेल. कामात जीव ओततो मी.

६ डिसेंबर
जवळून एकेकच भाग दिसतो, दहा फुटांवरून अख्खं मशीन. मोठे तज्ज्ञ लांबूनच बघत असणार.
सुकलाल मशीन चालवतो. सावकाश बोलणारा माणूस. म्हणाला, “कुंदनभाऊ, ब्रेक खोल जाई ऱ्हायना. जरा दाबी देखा.”
दाबायचा म्हणजे वर चढून बसायचं. म्हटलं, बघितलाय. तक्त्यात ब्रेकपुढे ‘ठीक’ लिहिलं. थंडीत पेडल खोल जातच असेल.

८ डिसेंबर, भर दुपारी
अक्षर वाकडं येतंय. गारठा फार.
सुकलाल सरकीच्या गोण्या घेऊन उतारावरून येत होता. पाय मारत होता, मशीन थांबेना. खाली बायका कापूस निवडत होत्या. द्रौपदाबाई पाठमोरी. मी शिटी वाजवणार होतो, नियमाप्रमाणे. शिटी खिशातच राहिली आणि तोंडातून भलताच आवाज निघाला. बायका उठून पळाल्या. मशीन कापसाच्या ढिगात घुसून थांबलं. चाकाखाली द्रौपदाबाईची चप्पल. नुसती चप्पल.
सुकलाल उतरला. माझ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायला गेला. कुणाला काही बोलला नाही. बोलला असता तर उत्तर तयार होतं. आता ते कुणाला देऊ?


९ डिसेंबर, सकाळ
निर्णय पक्का. आबाशेठना भेटून वजनकाटा परत मागायचा. घाबरून नव्हे, तब्येतीसाठी.

९ डिसेंबर, संध्याकाळ
भेटलो. तब्येतीचं त्यांना पटेना, म्हणून डाव टाकला: सांगितलं, मला फार भीती वाटते. ब्रेक दाबून न बघताच ‘ठीक’ लिहिलं, हेही तोंडातून गेलं. ते डावात नव्हतं.
आबाशेठनी तक्ता मागवून बघितला. मग म्हणाले, “काल तू घाबरलास म्हणून बाया वाचल्या. तूच पाहिजेस. फक्त यापुढे चढून बघायचं.”
धुळ्याच्या गोडाऊनचीही पाच मशीन माझ्याकडे. याला बढती म्हणतात. शिल्पानं शेवयाची खीर केली.

१० डिसेंबर, धुळे
पहिल्या मशीनवर चढलो. स्वतः. ब्रेक दाबला. पाय थरथरत होता, त्यामुळे चार-पाचदा दाबला गेला. घट्ट आहे. ‘ठीक’ लिहिलं, खरं.
माणसं जेवायला गेलीत. वर बसूनच लिहितोय. कुणी आलं की उतरवून घ्यायला सांगेन.