तिच्या केसांचा काळा

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. (ही ओळ नेहमी तुझी ताई लिहीत असे, यापुढे दोघांच्या वतीने मीच लिहीन.) तुझे गुडघ्याचे दुखणे उतरले असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. डोळ्यांविषयी मात्र खात्री देता येत नाही, आणि पत्राचे कारणही तेच.

अंधाऱ्या दारात उभ्या असलेल्या तुझ्या ताईचा, तू काढलेला फोटो मी संगणकावर स्वतः सुधारून मोठा छापायला दिला. छापून आला, तर केस अंधारात पार मिसळलेले. चेहरा तेवढा अधांतरी, कोणाला तरी जाब विचारायला बाहेर आल्यासारखा. छपाईवाला म्हणाला, "काका, आमच्या मशीनला नावं ठेवू नका. तुमच्या मॉनिटरचा ब्लॅक पॉइंट चुकलाय." (म्हणजे मॉनिटरने सर्वांत काळे म्हणून जे दाखवायचे, त्याची पातळी.)

मग मॉनिटरचे रंग मोजायचे यंत्र आणले. ते मॉनिटरला जळूसारखे चिकटते आणि त्याला अंधार लागतो. म्हणून भर दुपारी खिडक्या लावून बसलो. शेजारीणबाई काळजीने डबा घेऊन आल्या. "अहो, अंधारात काय करताय?" मी खरे तेच सांगितले, "काळा जुळवतोय." त्या डबा ठेवून डोळे पुसत गेल्या. तेव्हापासून रोज दोन डबे येतात.

मुख्य अडचण निराळीच आहे. पातळी खाली नेली की केस अंधारात बुडतात. वर नेली की सुटे दिसतात, पण त्यांवर तांबूस झाक येते. तिचे केस काळेभोर होते, हे मी शपथेवर सांगितले असते. परंतु सतत पाहून पाहून तो काळा मला आठवेनासा झाला आहे. ही भीती छपाईवाल्यापाशी कशी बोलावी? पुढच्या आठवड्यात त्याला फोटो द्यायचा आहे. यंत्र चुकते की मी, एवढे कृपया कळव.

तुझा,
भावोजी

ता. क. – मॉनिटर पुसायला फडके शोधताना न्हाणीघरातल्या कपाटात, तिच्या टॉवेलांमागे, केसांच्या रंगाची बाटली सापडली. तीवर 'गडद तपकिरी' असे छापलेले आहे. तुम्ही दोघी दार लावून ज्या माहेरच्या गप्पा मारत होता, त्यांचा विषय आता ध्यानी आला. यंत्राची क्षमा मागितली आहे.

पुन्हा ता. क. – फोटो तांबूस झाकेसकट छापायला दिला. तरीही तू ये. तिच्याविषयी मला आणखी काय काय ठाऊक नाही, ते सांग. मात्र एकेक करून, एकदम नको. डबे दोन येतातच.